रोजानं, गुत्त्यानं की बटईनं? आउटसोर्सिंगच्या धंद्यात टिकणारं मोल कुठं साठतं

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी सोयाबीन वाळून काढणीला आलं, की अण्णांपुढे दरवर्षी तोच प्रश्न असायचा. काढणी रोजानं करायची की गुत्त्यानं द्यायची? पश्चिम महाराष्ट्रात ज्याला उक्तं म्हणतात, त्यालाच आमच्याकडे गुत्तं म्हणतात. रोजानं माणसं लावली तर संध्याकाळी हजेरी मोजायची आणि पैसे द्यायचे. काम सावकाश चालतं. गुत्त्यानं दिलं तर एकरी पैसे ठरतात, टोळी पहाटेच रानात येते आणि दुपारपर्यंत फडशा पाडते. मागं गळून पडलेल्या शेंगांकडे मात्र कुणी वळून बघत नाही. तिसरी वाट बटईची. ज्याला शेत बटईनं दिलंय, तो रात्री ढग गडगडले की निरोपाची वाट न बघता ताडपत्री घेऊन रानाकडे पळतो, कारण भिजणाऱ्या गंजीत त्याचाही वाटा असतो.

मी गेली वीस वर्षं पुण्यात आउटसोर्सिंगच्या धंद्यात आहे. नॅसकॉम या तंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये भारताच्या तंत्रज्ञान उद्योगात सुमारे ५८ लाख माणसं होती आणि उलाढाल २८,००० कोटी डॉलरच्या आसपास. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत नाहीतर बंगळुरात याच धंद्यात असतं. तरीही घरच्यांना विचारलं, की मुलगा नेमकं काय करतो, त्याची कंपनी पैसे कशाचे घेते, तर उत्तर बहुधा ‘कंप्युटरवर काम करतो’ इथंच थांबतं. म्हणून हा लेख. कंपनी पैसे कशाचे घेते, हे कळलं की ती टिकणार का, वाढणार का, आणि तिच्यात काम करणाऱ्या माणसाचं पुढं काय होणार, हे बरंचसं कळतं.

दुसऱ्याचं काम आपल्या अंगणात

आउटसोर्सिंग म्हणजे एका कंपनीनं आपलं काम दुसऱ्या कंपनीला नेमून देणं. सॉफ्टवेअरच्या आधीपासून ते चालत आलंय. अमेरिकेत एडीपी ही कंपनी १९४९ मध्ये सुरू झाली ती इतरांच्या कामगारांचे पगार काढून देण्यासाठी. १९८९ मध्ये कोडॅकनं आपली संगणक केंद्रं चालवायला आयबीएमला दिली आणि तिथल्या उद्योगजगात खळबळ माजली. तोवर संगणक विभाग बाहेर देणं म्हणजे घरची अडचण झाली, असं समजलं जायचं. कोडॅक तेव्हा भरात होती. एवढी मोठी, सुस्थितीतली कंपनी हे करते म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली.

भारतात टीसीएसची सुरुवात १९६८ ची, मुंबईतली. फकीरचंद कोहली हे तिचे पहिले सूत्रधार. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यातीसाठीचं खास औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. १९८१ मध्ये सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांची गोष्ट मराठी घरांत पाठ आहे. पुढं १९९१ चं उदारीकरण, सॉफ्टवेअर पार्क, उपग्रहामार्फत जोडणी आणि मग २००० सालचा घोळ. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं, ‘००’ आलं की संगणक १९०० समजणार होता. कोट्यवधी ओळी तपासायला माणसं हवी होती आणि ती आपल्याकडे होती, स्वस्तात. तिथून जग आपल्याकडे बघायला लागलं.

पण ‘माणसं होती आणि ती स्वस्त होती’ या वाक्यातच पुढच्या सगळ्या अडचणीचं मूळ आहे. स्वस्त माणूस हा फायदा टिकत नाही. आज पुणे स्वस्त, उद्या इंदूर, परवा मनिला. शिवाय शेजारच्या कंपनीकडेही तीच माणसं, त्याच कॉलेजांतून आलेली.

तीन प्रकारचे करार

आमच्या धंद्यातल्या करारांना इंग्रजी नावं आहेत, पण ते अण्णांचेच तीन प्रकार.

पहिला टाइम अँड मटेरियल, म्हणजे रोजानं. किती माणसं, किती तास, ताशी किती दर. माणसाला इथं ‘रिसोर्स’ म्हणतात. तो ग्राहकाच्या कामावर असेल तर ‘बिलेबल’, नसेल तर ‘बेंचवर’. दर शुक्रवारी टाइमशीट भरायची, ती म्हणजे हजेरी.

दुसरा फिक्स्ड प्राइस, म्हणजे गुत्तं. काम ठरलं, रक्कम ठरली. किती माणसं लावायची ते आमचं आम्ही बघायचं.

तिसरा फळावर आधारलेला, म्हणजे बटई. ग्राहकाचा खर्च जेवढा वाचेल, त्याचे विम्याचे दावे जेवढे निकालात निघतील, त्यानुसार आमचा पैसा. सगळेजण याची स्तुती करतात, पण असे करार प्रत्यक्षात कमीच होतात. कारण फळ मोजायचं कसं यावर दोन्हीकडचे वकील महिनोन् महिने भांडतात, आणि ग्राहकाच्या धंद्याला बसलेल्या फटक्याचा भार कुणालाच आपल्या डोक्यावर नको असतो.

आता थोडा हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या करारातले नाहीत. समजा एका कामावर २० माणसं आहेत. दर ताशी २,००० रुपये, महिन्याचे तास १६०. एका माणसामागं ३ लाख २० हजार, म्हणजे महिन्याचं बिल ६४ लाख. कंपनीला एक माणूस पगार, जागा, बाकी खर्च धरून १ लाख ८० हजारांना पडतो. २० जणांचे ३६ लाख. हाती उरले २८ लाख.

आता त्या २० जणांतल्या कुणीतरी एक साधन तयार केलं, चार ओळींचं असो की चार हजार ओळींचं, आणि तेच काम १४ माणसांत व्हायला लागलं. करार रोजानं असेल तर बिल ४४ लाख ८० हजारांवर येतं, खर्च २५ लाख २० हजारांवर, आणि उरतात १९ लाख ६० हजार. हुशारी दाखवली म्हणून कंपनीचे महिन्याला ८ लाख ४० हजार गेले.

तेच काम ६० लाखांना गुत्त्यानं घेतलेलं असेल तर खर्च तोच २५ लाख २० हजार, आणि उरतात ३४ लाख ८० हजार. ग्राहकाचेही आधीच्या मानानं ४ लाख वाचले. सहा माणसं दुसऱ्या कामाला मोकळी झाली. हुशारी तीच, माणसं तीच. फरक एवढाच, की पैसे कशाचे घ्यायचे हे वेगळं ठरलं होतं.

हा भागाकार-गुणाकार मी नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाला फळ्यावर करून दाखवतो. कारण रोजाच्या करारात वाढ हवी असेल तर एकच मार्ग उरतो, आणखी माणसं भरा. महसूल दीडपट करायचा तर माणसंही जवळजवळ दीडपट. मग नफा वाढवायला त्या माणसांचा पिरॅमिड खालून रुंद करायचा. वर थोडे अनुभवी, खाली भरपूर फ्रेशर, कारण ग्राहकाचा दर तोच आणि फ्रेशर स्वस्त. फ्रेशरचा वार्षिक पगार साडेतीन लाखांच्या आसपास गेली दहा-पंधरा वर्षं घुटमळतोय, याचं मोठं कारण या रचनेत आहे. मुलं कमी शिकलेली नाहीत. त्यांच्या शिकण्याचा भाव ज्या करारात धरलेलाच नाही, त्या करारावर त्यांना उभं केलं जातं.

एक जुनी जखम

ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली, म्हणून सांगतो. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधली एक विमा कंपनी आमची ग्राहक होती. रात्री त्यांचे हिशेब आपोआप चालायचे, काही अडलं की आमच्याकडे तिकीट यायचं. तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. ठरलेल्या वेळेत ते बंद करायचं. त्या वेळेच्या बंधनाला एसएलए म्हणतात. आमचा दर महिन्याचा तक्ता हिरवागार असायचा, सगळी तिकिटं वेळेत बंद. तरी ग्राहक चिडलेला. धंद्यात याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आणि आत लाल. तिकीट आम्ही वेळेत बंद करत होतो हे खरंच होतं. पण महिनाअखेरीला तेच तिकीट पुन्हा येत होतं, आणि पुन्हा तशाच वेळेत बंद होत होतं.

आमच्या गटात नांदेडकडची एक मुलगी होती, जेमतेम दोन वर्षांचा अनुभव. तिनं आठ महिन्यांची तिकिटं काढून वहीत मांडली आणि मुळाशी गेली. दुसऱ्या एका खात्याकडून येणारी फाइल सुट्टीच्या आठवड्यात उशिरा यायची, आणि आमचा हिशेब तिची वाट न बघता सुरू व्हायचा. तिनं फाइल आली का हे बघणारी एक पायरी घातली. महिन्याला चाळीसच्या आसपास येणारी तिकिटं दहाच्या आत आली.

करार दर तिकिटामागं होता. बिल घसरलं. वरच्या साहेबांनी तिला खोलीत बोलावून जे विचारलं, ते मी इथं लिहीत नाही. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे वार्षिक मूल्यमापनात, तिला मधली श्रेणी मिळाली आणि चार महिन्यांत तिनं राजीनामा दिला. तिच्याबरोबर ती वहीही गेली. तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीनं दर थोडा खाली लावला आणि ग्राहकही गेला. जाताना त्यांच्या माणसानं विचारलं, ‘तुम्ही आम्हाला असं काय दिलंत, जे ते देणार नाहीत?’ आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. उत्तर त्या वहीत होतं.

साठणारं आणि न साठणारं

मग साठतं काय? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे ग्राहकाच्या कामाची समज. संगणकाची समज वेगळी. ती विकत मिळते, कॉलेजात शिकवतात. पण विमानाच्या तिकिटाचा पैसा कसा वाटला जातो, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

हेच उदाहरण घेऊ, मला ते फार आवडतं. तुम्ही मुंबई ते बोस्टन तिकीट काढलं. लंडनपर्यंत एक विमान कंपनी, पुढं दुसरी. पैसे घेतले पहिलीनं, किंवा भलत्याच एका एजंटनं. आता या भाड्यातला कुणाचा वाटा किती, कर किती, तुम्ही ऐन वेळी उड्डाण बदललं तर फरक कुणी सोसायचा, याचा हिशेब लाखो तिकिटांसाठी रोज करावा लागतो. ब्रिटिश एअरवेजनं १९९६ मध्ये असली मागची कामं करायला मुंबईत एक शाखा काढली. तीच पुढं डब्ल्यूएनएस झाली. २००२ मध्ये वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूकदारानं तिच्यातला मोठा वाटा घेतला, २००६ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली, आणि २०२५ मध्ये कॅपजेमिनी या फ्रेंच आयटी कंपनीनं ती ३३० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं.

कुणाला वाटेल, आकडे टाइप करणाऱ्या माणसांना एवढी किंमत? टाइप करायला कुणीही मिळतं. पण वर्षानुवर्षं तिकिटं बघणाऱ्या माणसाला कळायला लागतं, की अमुक एजंट ठरावीक मार्गावर चुकीचं भाडं लावतोय, अमुक ठिकाणी पैसा गळतोय. पहिला माणूस खर्च कमी करतो. दुसरा ग्राहकाला त्याचाच हरवलेला पैसा शोधून देतो. एका विमान कंपनीकडे हे शिकलं की दुसरीकडे उपयोगी पडतं, आणि तिथं तुम्ही नवखे नसता.

टीसीएसनं १९८९ मध्ये स्वित्झर्लंडसाठी सेकॉम नावाची रोख्यांच्या व्यवहारांची प्रणाली करून दिली. तोवर भारतीय कंपनीनं एवढं गुंतागुंतीचं काम घेतलं नव्हतं. त्या कामातून रोखे कसे जमा राहतात, कसे हस्तांतरित होतात हे कळलं. पुढं कॅनडाच्या डिपॉझिटरीचं, म्हणजे रोखे जमा ठेवणाऱ्या संस्थेचं, आणि जोहान्सबर्गच्या शेअर बाजाराचं काम मिळालं, ते या कळण्याच्या बळावर. हे सगळं काही वरून पडलं नाही. १९८१ मध्येच कोहलींनी पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र काढलं होतं. आज विकायचं काहीही तिथं तयार होत नव्हतं, सॉफ्टवेअर तयार करण्याची साधनं कशी तयार करावीत याचा विचार तिथं चालायचा. बिलेबल नसलेल्या माणसांवर पैसा घालायला मोठी छाती लागते, विशेषतः बाकी सगळा धंदा हजेरीवर चालत असताना.

पुण्यातल्याच दोन कंपन्या आहेत, दोन्ही १९९० च्या. आनंद देशपांडे यांनी डेटाबेस या विषयात अमेरिकेत पीएचडी केली, तिथं काही काळ नोकरी केली, आणि परत येऊन पर्सिस्टंट काढली. बँकांची, विमा कंपन्यांची कामं घ्यायच्या ऐवजी त्यांनी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची उत्पादनं तयार करून द्यायचं ठरवलं. जो स्वतः सॉफ्टवेअर विकतो, त्याला ‘आमची माणसं स्वस्त’ म्हणून भागत नाही; तो कोडची प्रत्येक ओळ बघतो. अशा ग्राहकाकडे टिकायचं म्हणजे रोज परीक्षा. ती देत देत कंपनी घडली.

दुसरी केपीआयटी. ‘केपी’ म्हणजे किर्तने-पंडित, पुण्यातली चार्टर्ड अकाउंटंटची पेढी. रवि पंडित आणि किशोर पाटील यांनी सुरू केलेली ही कंपनी २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेकशी जोडली गेली आणि इंजिनांच्या जगाशी तिचा संबंध घट्ट झाला. पण पुढंही बरीच वर्षं ती इतरांसारखी सगळ्या प्रकारची आयटी कामं करत होती. २०१९ मध्ये त्यांनी कंपनीचे सरळ दोन भाग केले. नेहमीची आयटी सेवा बिर्लासॉफ्टकडे गेली आणि केपीआयटीकडे राहिलं फक्त गाड्यांचं सॉफ्टवेअर. चालू धंद्याचा एवढा मोठा तुकडा हातानं वेगळा करणं सोपं नव्हतं. मला यातलं धाडस मोठं वाटतं ते यासाठी, की आमच्या धंद्यात ‘नाही’ म्हणायची सवयच नाही. मिळेल ते काम घ्या, माणसं भरा, हीच रीत. ज्याला दहा गोष्टींसाठी बोलावतात त्याची आठवण एकाही गोष्टीसाठी राहत नाही.

एकाच झाडावर घरटं

१९९५ ची गोष्ट. इन्फोसिसच्या महसुलातला चौथा हिस्सा एकट्या जनरल इलेक्ट्रिककडून येत होता. कंपनी दोनच वर्षांपूर्वी शेअर बाजारात आलेली. दराची बोलणी सुरू झाली, आणि समोरून जो दर आला त्यात काम करणं म्हणजे दर्जा, प्रशिक्षण, संशोधन या सगळ्याला कात्री लावणं. नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकार दिला. पण नकार देताना एक वचनही दिलं, की तुम्ही ज्या कंपनीला काम द्याल तिच्याकडे ते सुरळीत पोचेपर्यंत आम्ही साथ देऊ. त्यानंतर एकाच ग्राहकावर किती अवलंबून राहायचं याला इन्फोसिसनं मर्यादा घातली.

या गोष्टीचा पहिला भाग सगळे सांगतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. ग्राहक टिकवायचे दोन मार्ग असतात. एक, त्याला आपल्याबरोबर राहण्यात फायदा दिसणं. दुसरा, त्याला निघताच येऊ नये अशी व्यवस्था करणं. माहिती लिहूनच ठेवायची नाही, पासवर्ड एकाच माणसाकडे, प्रणालीची कळ आपल्याच हातात. दुसऱ्या मार्गानं ग्राहक काही वर्षं अडकतो आणि कंपनीच्या कागदांवर ते ‘दीर्घ नातं’ म्हणून शोभतं. पण अडकलेला माणूस दार शोधत असतो, आणि सापडलं की शेजाऱ्यापाजाऱ्यालाही सांगून जातो.

पुण्याची टेक महिंद्रा १९८६ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमबरोबर भागीदारीत सुरू झाली आणि बरीच वर्षं तिचा निम्म्याहून जास्त महसूल त्या एकाच ग्राहकाकडून यायचा. हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण जानेवारी २००९ मध्ये उघड झालं. तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की खात्यांत हजारो कोटींची खोटी रक्कम दाखवली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेक महिंद्रानं सत्यम घेतली आणि एका ग्राहकावरचा तो भार हलका झाला. त्या तीन महिन्यांत सत्यमची इमारत तीच होती, माणसं तीच, संगणक तेच. तरीही ग्राहक निघून जायला लागले. जो आपल्या पगारपत्रकापासून ग्राहकांच्या खात्यांपर्यंत सगळं तुमच्या हाती देतो, तो विश्वासावर देतो. ताळेबंदात विश्वासाची ओळ नसते, पण ती खोडली गेली की बाकीच्या ओळी उभ्या राहत नाहीत, हे तेव्हा आम्ही सगळ्यांनी जवळून पाहिलं.

माहिती माणसाबरोबर जाते तेव्हा

नवं काम मिळालं की आधी केटी होते, म्हणजे ग्राहकाचा जुना माणूस आमच्या माणसाला काम समजावतो. मग शॅडो: तो करतो, आपण बघतो. मग रिव्हर्स शॅडो: आपण करतो, तो बघतो. या दोन-तीन महिन्यांत जे कागदावर येतं ते एकूण कामाच्या निम्मंही नसतं. बावीस वर्षं तिथं काढलेल्या बाईंना ठाऊक असतं, की मार्चमध्ये अमुक ग्राहकाची फाइल दोनदा येते आणि दुसरी खरी मानायची. हे त्या सांगत नाहीत, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. शिवाय केटी संपली की त्यांची नोकरी जाणार असते. आमच्या धंद्याची ही बाजू लपवून चालणार नाही. समोरच्या माणसाची भाकरी जात असताना त्यानं आपल्याला मोकळेपणानं शिकवावं, अशी आपली अपेक्षा असते. मी तरुण असताना एकदा केटीच्या वेळी पडद्यावर अशा माणसाचे डोळे बघितलेत. तेव्हापासून केटीच्या पहिल्या दिवशी मी कामाआधी त्या माणसाबद्दल विचारतो.

नंतर तीच माहिती आपल्याकडून निसटते. शंभरातली पंधरा-वीस माणसं वर्षात सोडून गेली, की पाच-सहा वर्षांत मूळ केटी घेतलेलं फारसं कुणी उरत नाही. एका पिढीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला. प्रत्येक वेळी थोडं गळतं, सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगेसारखं. म्हणून रनबुक, म्हणजे कामाची वही, चालू ठेवणं हे मला नव्या तंत्रज्ञानाइतकंच मोठं काम वाटतं. ते कुणाच्याही बिलात बसत नाही, ही त्याची अडचण.

बऱ्याच परदेशी कंपन्यांनी आता भारतात स्वतःचीच कार्यालयं उघडलीत. त्यांना जीसीसी म्हणतात, देशात ती सतराशेहून अधिक आहेत आणि पुण्यात त्यांची नवी पाटी दर काही आठवड्यांनी दिसते. ग्राहकाच्या लक्षात आलं, की मोल माणसांच्या डोक्यात आहे. मग मध्ये कंपनी कशाला? ज्या सेवा कंपनीकडे माणसांखेरीज काही नव्हतं, तिची माणसंच थोडा जास्त पगार देऊन उचलली गेली. जिच्याकडे चार ग्राहकांकडून शिकलेलं पाचव्याला उपयोगी पडणारं काही होतं, तिच्याकडे आजही काम आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं तर वरचा २० आणि १४ माणसांचा हिशेब प्रत्येक टेबलावर आणून ठेवलाय. ग्राहक आता स्वतःच म्हणतो, की तुमच्याकडे साधनं आहेत, मग दरवर्षी बिल कमी करत जा. रोजाच्या करारावर बसलेल्या कंपनीला तो म्हणेल तेवढं कमी करावं लागतं. जबाबदारीवर पैसे घेणाऱ्या कंपनीशी त्याला वाटाघाट करावी लागते. संगणक कोड लिहील, पण मध्यरात्री दावे अडकले तर उत्तर द्यायला कोण उभं राहणार, हे करारात कुठल्यातरी माणसाच्या नावापुढंच लिहावं लागतं.

नोकरी शोधणारी मुलं मला विचारतात, कंपनी कशी ओळखायची? मी त्यांना वार्षिक अहवाल उघडायला सांगतो. महसूल भागिले माणसं, हा पहिला आकडा. टीसीएसचा २०२४-२५ चा महसूल २ लाख ५५ हजार कोटी रुपये आणि माणसं सहा लाखांहून थोडी जास्त, म्हणजे माणसामागं सुमारे ४२ लाख. पण एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडा. महसूल आणि माणसं एकाच चालीनं वाढत असतील तर धंदा हजेरीचा आहे. मग पहिल्या पाच ग्राहकांचा वाटा बघा. मग सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण. आणि मुलाखतीत तुम्हाला विचारतात, ‘काही प्रश्न?’ तेव्हा विचारा: माझ्यामुळं काम कमी झालं तर माझ्या अप्रेझलचं काय होईल? समोरचा किती वेळ गप्प राहतो ते बघा.

सध्या माझ्याकडे ज्या ग्राहकाचं काम आहे, त्याच्याशी करार करताना मी नांदेडच्या त्या मुलीची गोष्ट त्यांनाही सांगितली. करारात एक कलम आलं: तिकिटं जेवढी कमी होतील, त्यातून वाचणाऱ्या पैशाचे दोन समान वाटे. माझ्या बाजूनं मी आणखी एक गोष्ट वरून मंजूर करून घेतली, की आमच्या वाट्यातला ठरावीक भाग, ज्यानं मूळ कारण शोधलं त्याच्याकडे जाईल, आणि त्याचं नाव वहीत त्या नोंदीपुढं लिहिलं जाईल. सुरुवातीला महिन्याला शंभराच्या घरात तिकिटं होती. गेल्या महिन्यात अकरा आली. त्यांतली चार एकाच रात्री आली, आणि ती का आली हे अजून आम्हाला उमगलेलं नाही. उद्या सकाळी साडेनऊला वही घेऊन बसायचं आहे.